आधी हवा, मग गन: घरच्या लाकूडकामासाठी एक एचपीचा स्प्रे सेट

घरी लाकूडकाम करणारा माणूस स्प्रे घ्यायला गेला की आधी गन बघतो. मी सांगतो, आधी हवा बघा. आपला कॉम्प्रेसर मिनिटाला किती हवा देतो हे कळल्याशिवाय गनवर पैसे घालू नका. गेले काही हंगाम मी एक एचपीच्या कॉम्प्रेसरवर कमी हवेची गन वापरतोय, आणि पंधरा-सोळा हजारांच्या आत घरच्या कामाला यापेक्षा चांगला सेट मला दिसलेला नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच हौशी लोक मला हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये कामाला आहे. तिथं चक, सिलिंडर, ब्लोगन सगळं हवेवर चालतं. लायनीतला दाब वेगळा आणि मिनिटाला मिळणारी हवा वेगळी, हे तिथं रोज बघायला मिळतं. संध्याकाळी आणि रविवारी अनगोळला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं लाकूडकाम असतं. देव्हारे, चौरंग, पाट, मधूनच कुणाच्या तरी बारशासाठी पाळणा. लाकूड बहुतेक पाडकामाचं सागवान, खानापूरकडच्या जुन्या घरांच्या चौकटी आणि तुळया. रंधा मारल्यावर आतून जो रंग निघतो तो बघितला की त्यावर ब्रशच्या रेघा सोडवत नाहीत. कोरीव कामात तर ब्रशने पॉलिश कोपऱ्यात साचतं आणि वाळल्यावर तिथंच काळपट दिसतं. स्प्रेची गरज मला तिथून पडली.

माझा सेट असा आहे. बिनतेलाचा एक एचपीचा कॉम्प्रेसर, २४ लिटरची टाकी, साडेआठ हजार. एलव्हीएलपी प्रकारची (म्हणजे हवाही कमी, दाबही कमी), वर कप असलेली, १.३ मिलिमीटर नोझलची गन, २,६०० रुपये. पाणी गाळणारा फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्र, ९०० रुपये. पाईप आणि कपलर मिळून ८००. काडतुसं लावलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क, साधारण अडीच हजार. एकूण १५,३०० झाले. मास्कही याच हिशोबात धरा, तो नंतर घेऊ म्हणून ठेवायची वस्तू नाही.

आता हवेचं गणित. बाजारात सर्रास मिळणाऱ्या स्वस्त गनवर एचव्हीएलपी लिहिलेलं असतं. म्हणजे हवा भरपूर, दाब कमी. गनच्या तोंडाशी जास्तीत जास्त १० पीएसआय. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हवा-प्रदूषणाच्या नियमांनी या गनांना जोर मिळाला, कारण जुन्या जास्त दाबाच्या गनमधून निम्म्याहून जास्त माल धुकं होऊन उडून जायचा, आणि या गनकडून किमान ६५ टक्के माल वस्तूवर बसण्याची अपेक्षा ठेवली गेली. गन चांगलीच आहे. पण तिला मिनिटाला ८ ते १२ घनफूट हवा लागते. आपला एक एचपीचा बिनतेलाचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात अडीच-तीन घनफूटच देतो. खोक्यावर आकडा मोठा असतो, पण तो बहुधा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो; टाकीत खरी पोचणारी हवा त्याच्या साधारण दोन-तृतीयांश धरावी.

टाकी भरलेली आहे ना, मग काय अडचण, असं कुणी म्हणेल. हिशोब करून बघू. २४ लिटरची टाकी ८ बारवरून ३ बारवर येईपर्यंत बाहेरच्या हिशोबाने १२० लिटर, म्हणजे सव्वाचार घनफूट हवा देते. गन मिनिटाला १० घनफूट ओढत असेल आणि कॉम्प्रेसर अडीच भरत असेल, तर साडेसातची तूट. अर्ध्या मिनिटात दाब पडतो. चौरंगाची एक फळी पूर्ण होत नाही तोवर फवारा जाड होतो, थेंब मोठे पडतात आणि पृष्ठभाग खरबरीत राहतो. लोक मग थिनर वाढवतात, नोझल बदलतात, गनला नावं ठेवतात. तीच टाकी, तोच कॉम्प्रेसर आणि ४ घनफूट ओढणारी एलव्हीएलपी गन असेल तर तूट फक्त दीडची. पावणेतीन मिनिटं सलग ट्रिगर दाबून धरता येतो. देव्हाऱ्याच्या कामात कुणी इतका वेळ सलग दाबून धरत नाही, प्रत्येक फेरीच्या शेवटी ट्रिगर सुटतो आणि टाकी भरून येते. त्यामुळे मला दाबाची वाट बघत थांबावं लागत नाही.

कमी हवेच्या गनचा तोटाही आहे. ती हळू चालते आणि फवाऱ्याचा पंखा अरुंद पडतो. सहा फुटी जेवणाचं टेबल किंवा कपाटाची दारं करायची असतील तर आधी मारलेला पट्टा वाळायला लागतो आणि पुढचा त्यात मिसळत नाही. त्या कामाला ५० लिटरची टाकी आणि दोन एचपी हवेत, आणि मग आवाज, जागा, वीज सगळंच वाढतं. चौरंग, खुर्ची, देव्हारा, छोटी पेटी एवढ्यासाठी माझा सेट पुरतो. त्यापुढचं काम मी पॉलिशवाल्या मेस्त्रींकडे देतो.

हातात धरायची विजेची स्प्रे गन, जी दोन-तीन हजारांत घरपोच येते, तिच्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ती पुष्कळ खपते. माझ्या एका सहकाऱ्याकडे आहे, मी ती पुष्कळ वापरून बघितली. भिंत, कुंपण, लोखंडी गेट यांना ती ठीक. नोझल दोन-अडीच मिलिमीटरचं, थेंब जाड, आणि मोटार हातातच असल्याने मनगट लवकर दुखतं. लाकडावर पॉलिश मारलं की ओघळ तरी येतो किंवा बारीक दाणे तरी उठतात. पाण्यावरचं पॉलियुरेथेन गाळून, थोडं पातळ करून मारलं तर वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चांगलं करता येतं. पण माझा खरा आक्षेप दुसरा आहे. तिच्यात कार्बन ब्रशची मोटार असते, ब्रशवर ठिणगी पडते, आणि सेल्युलोज थिनरची वाफ खोलीतल्या साध्या तापमानालाही पेट घेते. सोबतच्या माहितीपत्रकात कुठला द्रव चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचा. एनसी लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं, थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश) आणि थिनर मी तरी त्या गनमध्ये कधीही घालणार नाही, दुसऱ्यालाही घालू देणार नाही.

जमिनीवर ठेवायचं, हवा फुंकणारं टर्बाइन आणि लांब पाईप असा सेट मिळतो, तो मात्र उत्तम. टर्बाइनची हवा गरम आणि कोरडी येते, टाकीत साचणाऱ्या पाण्याचा प्रश्नच येत नाही. दोन टप्प्यांचं टर्बाइन पातळ मालाला, तीन टप्प्यांचं थोड्या घट्ट मालालाही चालतं. किंमत माझ्या सेटच्या कितीतरी पट, आणि बिघडलं तर इथं दुरुस्ती मिळणं कठीण. कॉम्प्रेसरचं तसं नाही. व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच, कपॅसिटर उद्यमबागेत कुणीही बदलून देतो.

आता पाऊस. या भागात स्प्रे करणाऱ्याने बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, पण हा भाग वाचावा. चौरंग आणि मखराची सगळी मागणी गणपतीच्या आधी येते, म्हणजे नेमकी श्रावणात. जांबोटी-कणकुंबीच्या घाटाकडचा पाऊस आमच्याकडे पोचतोपर्यंत कमी होतो, पण हवेतला ओलावा कमी होत नाही. त्या दिवसांत लॅकर मारला की दहा मिनिटांत पांढरट साय चढते. मारणाऱ्याला वाटतं माल खराब आहे. माल चांगलाच असतो. थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर येऊन बसतं. वर थर सुकतो आणि पाणी आत अडकतं. उपाय म्हणजे उडण्याचा वेग कमी करणे: रिटार्डर थिनर, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. जास्त घातला तर थर दिवसभर चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. आधीच साय चढली असेल तर पूर्ण वाळू द्या आणि रिटार्डर घातलेल्या थिनरचा हलका हात मारा. वरचा थर परत विरघळतो आणि पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. एनसीमध्ये हे जमतं, कारण तो थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. मेलामाईन या दोन डब्यांच्या पॉलिशमध्ये नाही.

खानापूरचे एक वयस्क मेस्त्री आहेत, हयात पॉलिशमध्ये गेलेली. त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं, "पावसाळ्यात मारूलालासा तर दुपारचं मारा दादा, सांजचं नको." (मारूलालासा म्हणजे मारत असाल.) संध्याकाळी तापमान उतरतं, हवेतला ओलावा वाढतो, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला नेमकी तीच वेळ मोकळी मिळते. मी शेडमध्ये आर्द्रता दाखवणारं साधं घड्याळ लावलं आहे, तीन-चारशे रुपयांचं. काटा ८० च्या वर असला की त्या दिवशी लॅकरचा डबा उघडत नाही, घासकाम करतो.

दुसरं पाणी टाकीतलं. हवा दाबली की तिच्यातली वाफ थंड होऊन टाकीच्या तळाशी साचते. पावसाळ्यात ड्रेन उघडला की गंजट पाणी वाहतं. रोज काम संपल्यावर ड्रेन उघडून टाकी रिकामी करा. पाणी गाळणारा फिल्टर कुठे लावायचा याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवा गरम असते, तिथं पाणी वाफेच्या रूपात असतं आणि फिल्टरमधून सरळ निघून जातं. पाच-सहा मीटर पाईपमधून गेल्यावर हवा गार होते, पाण्याचे थेंब होतात, आणि तिथं लावलेला फिल्टर ते पकडतो. माझा फिल्टर शेडच्या भिंतीवर, गनच्या बाजूला आहे. त्याच्या काचेच्या वाटीत पाणी दिसलं की समजायचं तो नीट काम करतोय.

पाईपबद्दलही सांगतो. स्प्रिंगसारखा गुंडाळलेला निळा पाईप दिसायला सोयीचा, पण आतला व्यास ५ मिलिमीटर. रेग्युलेटरवर २ बार दिसतात आणि गनपर्यंत पोचतात त्याहून बरेच कमी. ८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा साधा पाईप घ्या. आणि कॉम्प्रेसर लांब ठेवायचा असेल तर विजेची वायर लांबवू नका, हवेचा पाईप लांबवा. बारीक एक्स्टेंशनवर एक एचपीची मोटार सुरू होताना नुसती गुणगुणते आणि तापते. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी व्होल्टेज उतरलेला असतो तेव्हा तर हमखास. माझ्या शेडला अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढून घेतली आहे. कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर, छपराखाली असतो, म्हणजे थिनरची वाफ आणि मोटार एकत्र येत नाहीत.

बिनतेलाचा कॉम्प्रेसर का, हेही विचारतात. तेलाचा जास्त टिकतो आणि आवाज कमी करतो, मान्य. पण त्याच्या हवेत तेलाचा अंश येतो आणि लॅकरमध्ये बारीक गोल खड्डे पडतात, पॉलिशवाले त्याला फिश आय म्हणतात. बिनतेलाचा स्वस्त प्रकार मात्र फार कर्कश असतो. गल्लीत राहत असाल तर "सायलेंट" म्हणून मिळणारा, कमी फेऱ्यांच्या मोटारीचा घ्या. दीड-दोन हजार जास्त जातील, पण शेजारच्या काकूंची दुपारची झोप मोडणार नाही आणि तुम्हाला दुपारी काम करता येईल.

काय मारायचं, यावर माझी मतं ठाम आहेत. देव्हाऱ्याला मी चपड्याचं लाख पॉलिशच मारतो. लाख आपल्याच देशातली, मुख्यतः झारखंडकडची. किड्याने फांदीवर सोडलेली. जुन्या सागवानाला जो उबदार सोनेरी रंग लाख देते तो दुसऱ्या कशाने येत नाही. स्प्रेसाठी लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवतो, तळाशी बसलेलं मेण हलू न देता वरचं नितळ ओतून घेतो आणि पातळ कापडातून गाळतो. १.३ च्या नोझलने, दीड बारवर, पातळ हात. प्रत्येक हात आधीच्या थरात विरघळून एक होतो, त्यामुळे नंतर चरा पडला तरी दुरुस्ती सोपी. गरम चहाचा कप लाखेवर ठेवला तर डाग पडतो, म्हणून चौरंग आणि स्टूलला लाखेचा एक हात खाली आणि वर एनसी किंवा मेलामाईन. सागवान मुळात तेलकट, त्यात पाडकामाच्या लाकडात वर्षानुवर्षांचं तेल-मेण मुरलेलं. मेण काढलेल्या लाखेचा खालचा हात ते अडवतो.

मेलामाईन कडक आणि टिकाऊ. दोन डबे, आम्लाचा हार्डनर, प्रमाण डब्यावर असेल तेच. सुकताना फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात, म्हणून पाळण्याला मी ते मारत नाही. दोन डब्यांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, घरी मारूच नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा होऊ शकतो, आणि काडतुसाचा मास्क त्याला पुरेसा धरत नाहीत. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. पीयू हवं असेल त्याने बूथ असलेल्या कारखान्यात वस्तू द्यावी.

मास्कचं ऐका. कोरोनात घेतलेला एन ९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ अजिबात अडवत नाही. सेंद्रिय वाफेची काडतुसं आणि त्यावर धुक्यासाठी गाळणी, दोन्ही हवेत. मास्कच्या आत थिनरचा वास यायला लागला की काडतूस संपलं. काम झाल्यावर काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, उघडी ठेवली तर ती शेडमधली वाफ शोषत राहतात. आमच्याकडे तरुण पोरं तोंडाला रुमाल बांधून दिवसभर पॉलिश मारतात. ते बघवत नाही. मी दोघा-तिघांना मास्क घ्यायला लावला आहे.

हाताच्या सवयीबद्दल थोडंसंच, कारण ती लिहून येत नाही. सहा ते आठ इंच अंतर, मनगट न वळवता सगळा हात सरळ, मागचा पट्टा निम्मा झाकत पुढचा. ट्रिगर कडेच्या बाहेर दाबायचा, बाहेरच सोडायचा. माल किती पातळ हे अंदाजाने ठरवू नका. फोर्ड कप नंबर ४ (तळाला ठराविक भोक असलेला मापाचा पेला) मधून लॅकर १८ ते २२ सेकंदांत गळला पाहिजे. देव्हाऱ्याच्या आत मारताना दाब कमी करून पंखा गोल करा, नाहीतर कोपऱ्यातून हवा उलटी फिरते आणि धुकं वाळून खरखरीत बसतं. शक्य असेल तर मागची फळी आधी सुटी मारून मग बसवा, मी आता सगळे देव्हारे तसेच करतो.

गन कुठून घ्यायची? एकच गन वेगवेगळ्या नावाखाली विकली जाते, त्यामुळे नावापेक्षा सुटे भाग मिळतात का ते बघा. मी रविवार पेठेतून घेतली. घरपोच तीन-चारशे रुपये स्वस्त मिळाली असती, पण दुकानात खोकं उघडून सुई सरळ आहे का, नोझलचं तोंड गोल आहे का ते बघता आलं, आणि त्याच गनचे वॉशर, पॅकिंग आणि सुई-नोझलचा जोड तिथं सुटा मिळतो. सुई आणि नोझल नेहमी जोडीनेच बदला. नवीन सुई जुन्या नोझलमध्ये बसत नाही, थेंब गळत राहतो. खोक्यावर मिनिटाला लागणारी हवा छापलेली नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर ती गन घेऊ नका. ४ घनफुटांच्या आसपासचा आकडा, १.३ किंवा १.४ चं नोझल आणि स्टेनलेसची सुई एवढं मिळालं की पैसे द्या. पहिल्या दिवशी नुसतं थिनर घालून वर्तमानपत्रावर मारा; आतलं कारखान्याचं तेल निघून जातं आणि पंखा दोन्ही बाजूंना सारखा पडतो की नाही तेही कळतं. सारखा पडत नसेल तर त्याच दिवशी परत करा, बिल जपून ठेवा.